ट्युनिंग करूनही महिन्याभरात ॲव्हरेज पुन्हा का उतरते?

कार्बोरेटर, म्हणजे इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, असलेल्या १०० ते १५० सीसीच्या मोटारसायकलींबाबत एक तक्रार सतत ऐकू येते. ॲव्हरेज उतरले म्हणून मेकॅनिककडून ट्युनिंग करून घेतले जाते, पंधरा-वीस दिवस गाडी बरी चालते आणि महिना पुरा व्हायच्या आत रिझर्व्ह पुन्हा लवकर लागू लागते. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत इंजेक्शन प्रणाली आली, त्यामुळे त्या गाड्यांना पुढील विवेचन लागू नाही. मात्र मराठवाड्यातील वाड्या-तांड्यांवर, दुधाचे कॅन वाहताना किंवा पाणंदीने शेताकडे जाताना दिसणाऱ्या गाड्यांपैकी अनेक त्याआधीच्या आहेत. राज्यात पेट्रोल सर्वांत महाग मिळणाऱ्या ठिकाणांत परभणीचे नाव वर्षानुवर्षे येते, तेव्हा या भागात लिटरमागे दहा किलोमीटरची घट ही किरकोळ बाब नव्हे. महिन्याला बाराशे किलोमीटर धावणारी गाडी साठाऐवजी पन्नासचे ॲव्हरेज देऊ लागली, तर वीस लिटरच्या जागी चोवीस लिटर पेट्रोल लागते.

या तक्रारीचा विचार करताना एक साधी गोष्ट विसरली जाते. ट्युनिंगचा स्क्रू आपोआप फिरत नाही. त्याच्याखाली स्प्रिंग असते आणि ती त्याला जागेवर घट्ट धरून ठेवते. त्यामुळे महिन्यापूर्वी ठीक असलेले ट्युनिंग आज बिघडले असेल, तर स्क्रू बहुधा तेथेच आहे आणि दुसरे काहीतरी बदललेले आहे. ते न शोधता पुन्हा स्क्रू फिरवला की एका दोषावर दुसरा दोष चढतो, दोन्ही मिळून काही दिवस एकमेकांना झाकतात आणि पुढच्या वेळी निदान अधिक कठीण होते.

आधी मोजमाप

ॲव्हरेज खरोखर उतरले आहे का, याची खात्री पहिल्यांदा करावी. गॅरेजमध्ये बाटली टांगून शंभर मिलिलिटर पेट्रोलवर गाडी पळवण्याची पद्धत सोयीची असली तरी तिच्यात मोठी चूक शिरू शकते. चाचणीच्या आरंभी आणि शेवटी कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी सारखी नसेल, तर केवळ पंधरा मिलिलिटरच्या फरकाने उत्तर पंधरा टक्क्यांनी चुकते. शिवाय तापलेल्या इंजिनजवळ उघडे पेट्रोल हाताळण्यात आगीचा धोका आहे. त्यापेक्षा एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, अडीचशे ते तीनशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि त्याच पद्धतीने पुन्हा भरावी. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले, त्याने किलोमीटरला भागावे. एका फेरीवर विसंबू नये, कारण त्या आठवड्यात मागे कोण बसले होते आणि किती कच्चा रस्ता तुडवला यावरही आकडा हलतो.

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. ड्रम ब्रेक घासत असेल, चेन कोरडी किंवा अति ताणलेली असेल, टायरमध्ये हवा कमी असेल किंवा क्लच प्लेट घसरत असेल, तर कितीही काटेकोर ट्युनिंग केले तरी पेट्रोल जास्तच लागणार. टॅपेटचे (व्हॉल्व्हवरील फटीचे) अंतर आणि प्लगचे अंतर पुस्तिकेप्रमाणे आहे ना, हेही याच टप्प्यावर पाहून घ्यावे.

स्क्रूचा अधिकार किती

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पुरवणारे मार्ग एकापेक्षा अधिक असतात आणि प्रत्येकाचे काम रेसच्या वेगवेगळ्या टप्प्यावर चालते. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, उभी असताना आणि रेस साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट (बारीक छिद्राचे पितळी तोंड) पेट्रोल देते, आणि ट्युनिंगचा स्क्रू मुख्यतः याच मार्गावर परिणाम करतो. त्यापुढे पाव रेसपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे रेस दिली की वर उचलल्या जाणाऱ्या दट्ट्याच्या, खालच्या तिरप्या कापाचा प्रभाव असतो. पाव ते पाऊण रेसमध्ये स्लाइडला अडकवलेली निमुळती सुई आणि ती ज्या नळीत वरखाली होते ती नळी यांचे राज्य असते. मेन जेटचा खरा प्रभाव पाऊण रेसच्या पुढे दिसतो. या सीमा काटेकोर नसून एकमेकींत मिसळलेल्या असतात, परंतु निदानासाठी एवढी विभागणी पुरेशी आहे.

शंभर सीसीची गाडी ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने एकसारखी चालवताना रेस अर्ध्याहूनही कमी उघडलेली असते. म्हणजे रोजच्या प्रवासातले बरेचसे पेट्रोल पायलट जेट आणि सुई यांच्यामार्फत जाते. गावात गल्लीबोळातून थांबत-थांबत फिरणाऱ्याला स्क्रूचा फरक जाणवेल, पण जिंतूरहून परभणीला रोज ये-जा करणाऱ्याला त्याचा लाभ फारच थोडा होईल. ॲव्हरेज वाढावे म्हणून मेन जेट लहान बसवून घेणारे लोक तर रस्त्यावर क्वचित वापरल्या जाणाऱ्या टप्प्याची काटकसर करत असतात, आणि त्याची किंमत ओव्हरटेक करताना व चढावर मोजतात.

प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. प्रमाणपत्र पाकिटात ठेवून देण्यापूर्वी तो आकडा मागच्या वेळेच्या आकड्याशी ताडून पाहावा. ही तपासणी गाडी स्लोवर असताना होते, त्यामुळे ती पायलट मार्गाबद्दलच सांगते. तरीही आकडा वाढलेला असेल तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असे झाले आहे, याचा तो कानाने केलेल्या अंदाजापेक्षा भक्कम पुरावा असतो.

महिन्याभरात काय बदलते

आपल्या भागात पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. काळ्या मातीचा भुकटा, खोदून ठेवलेले रस्ते, सुगीतली मळणी आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांमागे उडणारी धूळ, या सगळ्यांतून जाणारा फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीपर्यंत टिकेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. ती मुदत पक्क्या रस्त्यासाठी असते; कच्च्या रस्त्यावर ती निम्मी समजावी. फिल्टर तुंबला की गाडीला हवा कमी मिळते एवढेच होत नाही. वाटीतील पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब तसाच राहतो, पण कार्बोरेटरच्या घशातील दाब नेहमीपेक्षा खाली जातो, आणि त्यामुळे जेटमधून पेट्रोल अधिक ओढले जाते. म्हणजे तुंबलेला फिल्टर अर्धवट ओढलेल्या चोकसारखे काम करतो. कागदी फिल्टर पेट्रोलने किंवा पाण्याने धुऊ नये. हलकेच झटकावा आणि काळवंडला असेल तर बदलावा. स्पंजचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, त्यावर इंजिन ऑइलचे थोडे थेंब पसरवून व पिळून पुन्हा बसवावा. ‘गाडी मोकळी होते’ या समजुतीने फिल्टर काढून टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तीच धूळ नंतर पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये जाते आणि तेथून ऑइल जळण्याचा खर्च सुरू होतो.

दुसरा संशय चोकवर. थंडीच्या दिवसांत सकाळी चोक लावला जातो आणि तो पूर्ण परत येत नाही. पाकळीचा चोक असेल तर फिल्टरचा पाइप काढून पाकळी हवेच्या वाटेला समांतर होऊन पूर्ण उघडते का, हे डोळ्यांनी पाहता येते. दट्ट्याचा चोक असेल तर दोष दिसत नाही; दट्ट्याच्या टोकाचे रबर चिरले किंवा कडक झाले की चोक बंद असूनही त्या वाटेने थोडे पेट्रोल सतत जात राहते. स्क्रू पूर्ण आत-बाहेर केला तरी इंजिनच्या आवाजात फरक पडत नसेल, तर या दट्ट्याची तपासणी अवश्य करावी.

तिसरी बाब फ्लोटची. वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) आणि त्याच्या पिनेवर अवलंबून असते, आणि ही पातळी वाढली की स्लोपासून पूर्ण रेसपर्यंत सर्वच टप्प्यांत मिश्रण रिच होते. पिनेच्या टोकाला कचरा अडकला, टोकाला झिजेची वळी पडली किंवा फ्लोटला बारीक छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले, तर पातळी चढते. कार्बोरेटर न उघडता ती तपासण्याची एक चांगली रीत आहे. वाटीच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या नळीला पारदर्शक पाइप जोडावा, पाइप वर वळवून वाटीला टेकवून धरावा आणि निचऱ्याचा स्क्रू सैल करावा. पाइपमध्ये पेट्रोल जेथे थांबते तीच वाटीतील पातळी, आणि ती वाटीच्या वरच्या कडेच्या तुलनेत कोठे असावी हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेले असते. हे काम इंजिन थंड असताना आणि उघड्यावर करावे.

गळती हाही याचाच भाग आहे. पिन नीट बसत नसेल तर रात्रभर कॉक चालू ठेवलेल्या गाडीतून पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीने थेंब-थेंब जमिनीवर पडते. अंगणातली माती ते लगेच पिऊन घेते आणि सकाळपर्यंत मागमूस राहत नाही, त्यामुळे ही गळती फरशीवर गाडी लावणाऱ्याला दिसते आणि मातीवर लावणाऱ्याला महिनोन्‌महिने दिसत नाही. रात्री नळीखाली कोरडा पुठ्ठा ठेवून पाहिला की उलगडा होतो. काही गाड्यांत पेट्रोल बाहेर न पडता इंजिनमध्ये उतरते. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय आणि पिन दुरुस्त केल्याशिवाय गाडी चालवू नये.

पाणी आणि चिकट साका यांचाही उल्लेख करायला हवा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला साका पायलट जेटचे छिद्र अरुंद करतो. मग गाडी स्लोवर टिकत नाही, म्हणून स्लो वाढवला जातो किंवा चोक अर्धा ठेवून गाडी चालवली जाते, आणि ॲव्हरेज जाते. येथे जेट उघडून साफ करणे योग्यच आहे, पण साफ करण्याची पद्धत महत्त्वाची आहे. जेट पितळेचे असते आणि छिद्र केसाएवढे बारीक. ते ब्रेक केबलच्या पोलादी तारेने खरवडले आणि ०.३५ मिलिमीटरचे छिद्र ०.३८ झाले, तर डोळ्यांना काहीच दिसणार नाही. मात्र छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे अठरा टक्क्यांनी वाढलेले असेल. कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा यांनी साका निघत नसेल, तर नवे जेट घेणे स्वस्त पडते. वारंवार ‘साफ’ झालेल्या कार्बोरेटरांचे ॲव्हरेज दरवेळी थोडे-थोडे खालावत जाते, त्यामागे अनेकदा ही तारच असते.

इथेनॉलच्या नावावर किती टाकावे

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून ॲव्हरेजची प्रत्येक घट त्याच्या नावावर टाकली जाते. लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडच्या ऊस उत्पादकांना हा विषय दोन्ही बाजूंनी जवळचा आहे, म्हणून हिशेब नीट मांडलेला बरा. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा ते सात टक्क्यांनी कमी, आणि पूर्वीच्या दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी भरते. दहा टक्क्यांच्या मिश्रणावर साठ देणारी गाडी या एका कारणाने अठ्ठावन्नच्या आसपास यावी. ती पन्नासवर आली असेल, तर उरलेल्या आठ किलोमीटरचे उत्तर गाडीतच शोधावे लागेल.

इथेनॉलचा दुसरा परिणाम याच्या नेमका उलट दिशेचा आहे आणि तो कमी लोकांच्या लक्षात येतो. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा पटच पुरते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवू शकतो, कार्बोरेटर मात्र पूर्वीच्याच प्रमाणात देत राहतो, म्हणजे मिश्रण आपोआप लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, अशा बाजूला सरकते. अशा गाडीचे ट्युनिंग ‘ॲव्हरेजसाठी’ आणखी आवळणे हे चुकीच्या दिशेने जाणे आहे. त्याखेरीज इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी झिरपले, तर ते काही मर्यादेपर्यंत इंधनात विरघळते आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. वाटीतील इंधन काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवल्यास दोन थर दिसतात का, हे कळते. जुन्या गाड्यांतील रबरी ओ-रिंगा आणि फ्लोटच्या पिनेचे टोक यांवरही अशा इंधनाचा परिणाम होतो, म्हणून ते सुटे भाग बदलताना इथेनॉलला चालणारे आहेत ना, हे विचारून घ्यावे.

हवामानाच्या नावावर मात्र फार काही टाकता येत नाही. मे महिन्यात ४४ अंशांची दुपार आणि डिसेंबरची १२ अंशांची पहाट यांत हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी बदलते, आणि त्यामुळे मिश्रणात पडणारा फरक साधारण पाच टक्क्यांचा असतो. तेवढ्यासाठी हंगामागणिक स्क्रू फिरवण्याची गरज नाही.

सुई आणि नळीची झीज

वरील सर्व पाहूनही गाडी मध्यम रेसवर पेट्रोल खात असेल, तर सुईकडे वळावे. सुई वर्षानुवर्षे थरथरत नळीच्या एका बाजूला घासते, नळीचे गोल तोंड अंडाकृती होते आणि सुईवर चमकदार पट्टा उमटतो. कमी रेसला सुई आणि नळी यांच्यामधली फट मुळातच फार अरुंद असल्यामुळे थोडी झीजही प्रमाणाने मोठी ठरते. हा दोष कोणत्याही स्क्रूने जात नाही. ज्या सुयांना क्लिपसाठी खाचा असतात त्यांत क्लिप वरच्या खाचेत लावून सुई खाली बसवता येते, पण झिजलेल्या नळीवर तो तात्पुरता उपाय आहे; सुई आणि नळी जोडीने बदलणे हाच मार्ग. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमधील जेटांवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष छिद्र यांचा मेळ बसेलच असे नाही, म्हणून शक्य तेथे कंपनीचा मूळ भाग घ्यावा. १५० सीसीच्या ज्या गाड्यांत स्लाइड रबरी पडद्याने उचलली जाते, तेथे पडद्याला चीर नाही ना, हे याच वेळी उजेडासमोर धरून पाहावे.

स्क्रू लावण्याची रीत

आता स्क्रूची वेळ. आधी तो कोणता आहे हे ओळखावे. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवेचा असतो आणि आत फिरवल्यास मिश्रण रिच होते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा असतो आणि आत फिरवल्यास लीन होते. दिशा उलट असल्याने एका गाडीवरची सवय दुसऱ्या गाडीवर घात करते. बीएस-४ च्या काही गाड्यांत या स्क्रूवर टोपी बसवून फिरण्याची मर्यादा घातलेली असते. ती तोडू नये.

इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करावे, फिल्टर व त्याचे झाकण जागेवर असावे आणि चोक पूर्ण बंद असावा. मग इंजिन बंद करून स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवावा आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवावे. तो आवळू नये, कारण टोक बोथट झाले की सेटिंग कायमचे जाते. तितकेच फेरे परत बाहेर काढून इंजिन चालू करावे, स्लो किंचित वाढवावा आणि स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबून, इंजिनची गती सर्वाधिक कोठे होते ते शोधावे. तेथे थांबून स्लो पुस्तिकेप्रमाणे खाली आणावा. स्प्लेंडरसारख्या गाडीत तो मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. शेवटी एकदम रेस देऊन सोडावी. गाडी बंद पडू पाहत असेल किंवा गती खाली यायला वेळ लागत असेल तर मिश्रण लीन आहे. गती स्लोच्याही खाली जाऊन मग सावरत असेल तर रिच. सर्वोत्तम जागा पुस्तिकेतल्या फेऱ्यांपासून फार दूर सापडत असेल, तर तेथे समाधान न मानता पायलट जेट, फ्लोट किंवा मॅनिफोल्डची (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीची) ओ-रिंग पुन्हा तपासावी. मॅनिफोल्डच्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारल्यावर गती बदलली, तर तेथून हवा ओढली जात आहे. या चाचणीसाठी पेट्रोल कधीही वापरू नये.

प्लगचा रंग ट्युनिंगनंतर लगेच पाहून उपयोग नाही. काही दिवस गाडी चालल्यावर पाहावा. फिकट तपकिरी ठीक, कोरडा काजळीसारखा काळा म्हणजे रिच, पांढुरका म्हणजे लीन. तेलकट ओला काळा असेल तर कार्बोरेटरचा संबंध नसून पिस्टनच्या रिंगमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येत आहे.

‘ॲव्हरेजवर सेट करून द्या’ अशी मागणी करणाऱ्यांना एक सांगणे आवश्यक आहे. निव्वळ पेट्रोलचा हिशेब धरला तर सर्वाधिक ताकद सुमारे साडेबारा ते तेरा पट हवेवर मिळते, सर्वाधिक बचत साडेपंधरा-सोळा पटींच्या आसपास. त्यापुढे मिश्रण आणखी लीन केले तर ते नीट पेटत नाही, गाडी मिसिंग करते आणि तोच वेग राखण्यासाठी चालक रेस जास्त उघडतो. तोवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा तापत राहतात, आणि बीड-अंबाजोगाईच्या उन्हात मागे माणूस व पुढे पोते घेऊन चालणाऱ्या गाडीला ती उष्णता परवडत नाही. दोन किलोमीटरच्या बचतीपायी व्हॉल्व्ह बदलण्याची वेळ आली, तर वर्षभराचे वाचलेले पेट्रोल एका बिलात जाते.

कार्बोरेटरच्या धातूलाच पांढरा गंज चढून आतले मार्ग खाल्ले गेले असतील, किंवा स्लाइड तिच्या नळकांड्यात हाताने हलवल्यावर खडखडत असेल, तर किटवर आणखी पैसे घालू नयेत. मूळ कंपनीचा नवा कार्बोरेटर बसवावा, बसवतानाच स्क्रूचे फेरे आणि जेटांचे आकडे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत नोंदवावेत, आणि पहिल्या दोन टाक्यांचे ॲव्हरेज त्याच पानावर लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी मेकॅनिकला तुलनेसाठी मूळ आकडा मिळेल.